संक्रांतीची पोस्टकार्डं घरी करताना: सुरुवात मागच्या बाजूपासून

पहिल्या वर्षी मी संक्रांतीला बारा कार्डं टाकली होती. चित्रं झकास उतरली होती आणि माझं मलाच फार कौतुक होतं. धड पोचली पाच. दोन बॅरंग झाली, म्हणजे ज्यांना भेट म्हणून पाठवली त्यांनाच पैसे भरून ती सोडवून घ्यावी लागली. चमक यावी म्हणून मी कार्डाला दोन्हीकडून व्हार्निश फासलं होतं. त्यावर डिंक धरला नाही आणि तिकिटं वाटेतच गळली. एक कार्ड माझ्याकडेच परत आलं, कारण जेल पेनानं लिहिलेला पत्ता ओल लागून निळा ढग झाला होता. उरलेल्या चारांचं काय झालं ते पोस्टाच्या थैलीलाच ठाऊक.

तेव्हापासून मी कार्ड उलट्या बाजूनं करायला लागले. आधी पत्त्याची बाजू, मग कागद, चित्र सगळ्यात शेवटी. पाकिटातल्या भेटकार्डाला अंगरखा असतो. पोस्टकार्ड उघड्या अंगानं जातं. त्यावर शिक्के बसतात, ते गठ्ठ्यात आवळलं जातं, कुणाच्या तरी ओल्या बोटांतून जातं. ते हे सगळं सोसेल का, एवढं आधी पाहायचं आणि मग रंग काढायचे.

इथे संक्रांतीचं कार्ड घेतलंय, त्याला कारण आहे. पूर्वी छोट्याशा छापील शुभेच्छेबरोबर चार दाणे हलवा पाकिटात घालून पाठवायची आपल्याकडे पद्धत होती. दुसरं म्हणजे तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, त्यामुळे उशिरा पोचलेलं कार्डही वेळेवर आलं असंच धरतात. नवशिक्याला एवढी सवलत दुसरा कुठलाही सण देत नाही.

मागची बाजू

माप ठरलेलं आहे. खासगी पोस्टकार्ड कमीत कमी १४ × ९ सेंटिमीटर आणि जास्तीत जास्त १५ × १०.५ सेंटिमीटर असावं. गोल, पतंगाच्या आकाराचं, लांबट असं काहीही करायचं असेल तर ते पाकिटात घालून पाठवा. सोपी युक्ती अशी की ए-फोर कागदाचे चार सारखे तुकडे करा. एक तुकडा १४.८ × १०.५ चा होतो, बरोबर मापात बसतो आणि कागद वाया जात नाही.

आता कार्ड आडवं धरा आणि डावीकडून ७.५ सेंटिमीटरवर पेन्सिलीनं उभी रेघ मारा. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. ही रेघ पोस्टकार्डाबरोबर जन्मलेली नाही. जगातलं पहिलं पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं आणि भारतात ते १ जुलै १८७९ ला पाव आण्याला मिळू लागलं. त्या काळी एक अख्खी बाजू पत्त्यालाच दिलेली असे. चित्र असेल तर मजकूर चित्राच्या कडेकडेनं कोंबावा लागे. दोन भागांची पाठ ब्रिटननं १९०२ मध्ये चालू केली आणि समोरची बाजू पूर्णपणे चित्राला मोकळी झाली.

उजव्या भागाची मापं मी अशी घेते. वरचे ४ सेंटिमीटर तिकिटाला आणि शिक्क्याला. त्याखाली एकेक सेंटिमीटरच्या पाच ओळी पत्त्याला. तळाची दीड सेंटिमीटर पट्टी कोरी. ही पट्टी सोडायला बरेच जण विसरतात. परदेशी जाणाऱ्या कार्डांवर तिकडची यंत्रं खालच्या कडेला बारकोड छापतात आणि तिथे लिहिलेलं झाकलं जातं.

पाचव्या ओळीत गावाच्या नावापुढे पिनकोड, तोही सुटा सुटा आणि ठळक. अक्षर कितीही वाईट असलं तरी पिन बरोबर असेल तर कार्ड निदान त्या गावात पोचतं. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झाले आणि ते ज्यांनी बसवले ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही ४ मध्ये येतात, म्हणून मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११. आत्या कोल्हापूरला आणि पिन ५ नं सुरू होतोय असं दिसलं तर तिला फोन करून पुन्हा विचारा.

महाराष्ट्रात पत्ता बिनधास्त मराठीत लिहा. दुसऱ्या राज्यात हिंदी किंवा इंग्रजी बरी. परदेशासाठी इंग्रजीत, आणि देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत.

पेन मात्र साधं बॉलपेनच. जेल आणि शाईपेन पाण्याला घाबरतात. पत्ता लिहून झाला की त्यावरून पांढरी मेणबत्ती हलक्या हातानं दोनदा फिरवा आणि सुती फडक्यानं पुसा. मेणाचा पातळ थर बसतो आणि पाण्याचे थेंब ओघळून जातात. तिकिटाच्या जागेवर मात्र मेण लागू देऊ नका, नाहीतर माझ्या व्हार्निशसारखी गत.

कागद

दुकानात २५० ते ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) कार्डशीट मागा. त्याहून पातळ असेल तर कार्ड वाटेत दुमडतं. ३०० जीएसएमचं ए-फोरच्या पावभागाएवढं कार्ड पाच ग्रॅमसुद्धा भरत नाही, तेव्हा वजनाची काळजी नको. मोठं शीट २२ × २८ इंचांचं मिळतं. नीट आखलं तर त्यातून वीस कार्डं निघतात.

घरातच कागद शोधायचा असेल तर लग्नपत्रिकांचा डबा उघडा. प्रत्येक मराठी घरात तो असतो, कारण पत्रिकेवर गणपती असतो आणि गणपती रद्दीत टाकवत नाही. गणपतीचा भाग अलगद कापून बाजूला ठेवा. राहिलेला जाड कागद उत्तम असतो आणि आतली कोरी बाजू लिहायला मिळते. खरबरीत, जिवंत कागद हवा असेल तर हातकागद घ्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ही कला कित्येक पिढ्यांची आहे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. हातकागदावर ठसा थोडा तुटक उठतो आणि तेच छान दिसतं, पण शाई पसरते, म्हणून त्यावरही बॉलपेनच.

कात्रीनं कापू नका. कडा नागमोडी होतात. कटर आणि स्टीलची पट्टी घ्या, खाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवा आणि एकाच दमात जोर न लावता तीनदा हलकेच फिरवा. प्लॅस्टिकच्या पट्टीला कटर खातो, मग पुढची प्रत्येक रेघ त्या खाचेसकट येते.

आणि कोपरे चौकोनीच ठेवा. हे मी अनुभवानं सांगते. एका वर्षी मी हौसेनं प्रत्येक कार्डाचा एक कोपरा नक्षीदार कापला. कार्ड पोचलं त्या दिवशी आत्याचा फोन, आवाज कापरा: "अगं, कोण गेलं?" जुन्या पिढीत कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड म्हणजे मृत्यूची बातमी. ते दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही. आत्यानं तिळगुळाचं कार्ड वाचायच्या आधीच फोन उचलला होता. आता मी वडीलधाऱ्यांच्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांना हळदी-कुंकवाची बोटं लावते, लग्नाच्या पत्रिकेला लावतात तशी. हातात आल्या आल्या कळतं की बातमी शुभ आहे.

चंद्रकळेचं कार्ड

संक्रांतीला काळं नेसतात. नव्या सुनेला काळी चंद्रकळा आणि अंगावर हलव्याचे पांढरे दागिने. या दोन गोष्टींतच चित्र तयार आहे: काळी जमीन, पांढरे ठिपके आणि एका कडेला पदराची पट्टी. चित्रकला न येणाऱ्यालाही हे जमतं, म्हणून मी हेच सुचवते.

काळ्या कार्डशीटच्या मागे लिहिता येत नाही, म्हणून आधी त्याला पांढरा कागद चिकटवायचा. सगळ्यात जास्त कार्डं इथेच बिघडतात. कोरडं कार्ड सरळ, चिकटवलेलं वाकडं, असं होतं आणि आपण डिंकाला शिव्या देतो. दोष बहुतेक वेळा कागदाच्या तंतूंचा असतो. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. एका दिशेनं तो सहज वाकतो. तंतू त्या वळणाला समांतर असतात. काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही कागदांची ही दिशा एकच ठेवली तर कार्ड सपाट राहतं. फेव्हिकॉल वापरणार असाल तर ब्रशनं पातळ पसरा, पाणी घालू नका. ग्लू-स्टिक त्याहून सोपी. चिकटवल्यावर दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वर शब्दकोश आणि त्यावर वरवंटा, रात्रभर. मापाला कापायचं ते दुसऱ्या दिवशी, दोन्ही थर एकदम. आधी कापून मग चिकटवलं तर कडा कधीच जुळत नाहीत.

रंग अॅक्रिलिक घ्या. पोस्टर कलर स्वस्त आणि चमकदार असतो, पण वाळल्यावरही ओल्या बोटाला लागतो. काळ्यावर पोस्टरचा पांढरा राखाडी दिसतो आणि वाकवलं की त्याला तडे जातात. ट्यूबवर टायटॅनियम व्हाइट लिहिलेलं पाहून घ्या, तो काळ्यावर चांगला झाकतो. कापडावर रंगवायचे रंग घरात पडले असतील तर तेही चालतात.

पदर आधी करा, ठिपके नंतर. पदराला भेंडीचा ठसा. शाळेत सगळ्यांनी केलेला असतो, पण शाळेत तो नेहमी ओघळतो, कारण भेंडी चिकट असते. देठाकडून बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा धारदार सुरीनं एका घावात कापा आणि कापलेली बाजू खाली करून वर्तमानपत्रावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. चीक कागद शोषतो. मग रंग. रंग श्रीखंडाइतका दाट हवा, ताकाइतका पातळ नको. भेंडी रंगात बुडवू नका. भांडी घासायच्या नव्या स्पंजच्या तुकड्यावर रंग पसरा आणि त्यावर भेंडी टेकवा. पहिला ठसा रद्दीवर मारायचा, दुसरा कार्डावर. पहिल्यात रंग जास्त असतो आणि मधल्या कप्प्यांतल्या बिया दिसत नाहीत. दुसऱ्यात पाच पाकळ्या स्वच्छ येतात. कार्डाखाली वर्तमानपत्राची चार-पाच पानं घाला, कठीण फरशीवर ठसा अर्धवटच उठतो. भेंडी सरळ खाली दाबा, सरळ वर उचला, फिरवू नका. एका भेंडीतून सात-आठ चांगले ठसे मिळतात, मग तोंड मऊ पडतं. पातळ चकती कापा आणि पुढे चला.

भाजीवाल्याकडे डिसेंबरात आणखीही बरंच मिळतं. अर्ध्या चिरलेल्या कोबीचा ठसा झाडासारखा दिसतो. गाजराची चकती म्हणजे तयार सूर्य, आणि संक्रांत सूर्याचीच. बटाट्याची गोष्ट वेगळी. तो कोरता येतो, पण दोन तासांत काळा पडून आकसतो, म्हणून सगळी कार्डं एका बैठकीत उरकायची असतील तरच. पतंग, तिळाचा लाडू असा ठसा पुढच्या वर्षीही हवा असेल तर शाळेचा साधा पांढरा खोडरबर घ्या. तीन-चार मिलिमीटर खोल कोरा आणि धारेचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे रेघ पायाशी रुंद राहते आणि दाबली तरी मोडत नाही.

अक्षरं कोरायचा मोह बहुतेकांना होतो. मी नको म्हणेन. देवनागरी उलटी कोरणं हे धैर्याचं काम आहे. वेलांटी उलट्या बाजूला जाते, आणि "तिळगूळ"ची "तीळगुळ" झाली तर कुटुंबातला एक निवृत्त शिक्षक वर्षभर सोडत नाही. अगदीच हवं असेल तर बटरपेपरवर मऊ पेन्सिलीनं लिहा, तो खोडरबरावर पालथा घाला आणि नखानं घासा. अक्षर आपोआप उलटं उमटतं, ते तसंच कोरायचं.

पदर अर्ध्या तासात वाळतो. मग हलव्याचे ठिपके. मोठ्या ठिपक्याला कापूस काढलेली इअरबडची काडी, लहानाला आगपेटीच्या काडीचं गूल नसलेलं टोक. प्रत्येक ठिपक्याला काडी रंगात बुडवली तर सगळे सारखे येतात. एकदा बुडवून चार मारले तर मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत जातात, आणि मला तेच आवडतं, माळ गळ्याभोवती वळत गेल्यासारखी दिसते. ठिपके उंचवट्याचे करू नका. गठ्ठ्यात दाबले गेले की टवका उडतो. टिकल्या, मणी, चमकी यांचं तर नावच काढू नका. माझ्या पहिल्या बारांपैकी एकावर चमकी होती. ती पोचली, आणि मिळालेल्या मावशीच्या कुकरच्या झाकणावर मार्चपर्यंत सापडत होती.

कार्डं किमान एक रात्र वाळू द्या. ओलं बोट घासून पाहा, बोटाला रंग लागला नाही तर पुढचं काम.

हे मुलांबरोबर करत असाल तर ठसे मुलांना द्या, कटर स्वतःकडे ठेवा आणि आधीच दोन-चार कार्डं वाया जातील असं धरून चाला.

मजकूर

डाव्या भागात बारीक अक्षरात पंचावन्न-साठ शब्द मावतात. जुन्या वळणाचं पत्र लिहायला घेतलं तर वर "श्री", मग "तीर्थरूप आत्यास, साष्टांग नमस्कार विनंती विशेष", आणि खाली "कळावे, लोभ असावा" यातच निम्मं कार्ड संपतं. म्हणूनच लोक "सा. न. वि. वि." लिहीत. आजीला अजून तसंच लिहा, तिला आवडतं. बरोबरीच्यांना सरळ मुद्द्यावर या.

मुद्दा म्हणजे एकच बातमी. "आम्ही सगळे मजेत, तुम्हीही मजेत असाल" हे फोनवर दर रविवारी होतंच. त्याऐवजी गच्चीवरच्या बोरांना यंदा कीड लागली, धाकट्याचा दात पडला, तुझ्या पद्धतीनं गुळाचा पाक केला तर लाडू दगड झाले, असं काहीतरी एकच लिहा. आणि हे कार्ड पोस्टमनपासून वॉचमनपर्यंत कुणीही वाचू शकतो हे ध्यानात ठेवा. आजार, पैसे, सुनेची तक्रार यांसाठी पाकीट असतं.

आधी साध्या कागदावर त्याच मापाचा चौकोन आखून कच्चं लिहा. सरळ कार्डावर लिहिलं की शेवटच्या दोन ओळी हमखास कडेनं वर चढतात.

तिकीट आणि टपाल

टपाल खात्याचं साधं पोस्टकार्ड ५० पैशांचं आणि छापील कार्डाला ६ रुपये. हातानं ठसे मारलेलं कार्ड यातल्या कुठल्या रकान्यात बसतं याबद्दल खिडकीपलीकडच्या माणसाचं मत ऐकून घ्यावं. मी वाद घालत नाही, सहा लावते. गंमत अशी की तेच कार्ड पाकिटात घातलं तर २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जातं. दर बदलत असतात, तेव्हा वीस कार्डांवर तिकिटं लावायच्या आधी एकदा विचारा. परदेशाचा दर वेगळा असतो, तो विचारायलाच हवा.

तिकिटामागचा डिंक कधीकधी नावालाच असतो. पोस्टातल्या डिंकाच्या बाटलीवर विसंबू नका, घरून ग्लू-स्टिक न्या आणि चारही कडा दाबा. एकरंगी नेहमीच्या तिकिटांऐवजी पक्षी, फुलं, गाड्या असलेली तिकिटं हवी असतील तर मोठ्या टपाल कार्यालयांत फिलाटेलिक ब्युरो, म्हणजे तिकीटसंग्राहकांचा विभाग असतो, मुंबईच्या जीपीओत (मुख्य टपाल कार्यालयात) आणि पुण्यातही आहे. मुंबईचा जीपीओ तेवढ्यासाठी पाहून घ्या. १९१३ मध्ये पुरी झालेली ती इमारत विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेली आहे, आणि घुमटाखाली रांगेत उभं राहायला कंटाळा येत नाही.

कार्डं लाल पेटीत टाकण्यापेक्षा खिडकीवर द्या आणि शिक्का हातानं मारायची विनंती करा. दुपारच्या जेवणानंतर, गर्दी नसताना गेलात तर बहुधा ऐकतात.

देशात मला चार ते आठ दिवस लागल्याचा अनुभव आहे, परदेशात दोन ते चार आठवडे. म्हणून परदेशची कार्डं १५ डिसेंबरला आणि इथली १ जानेवारीला निघावीत असा बेत ठेवा. सगळ्यात आधी एक कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर टाका. ते ज्या अवस्थेत परत येतं, तशीच बाकीची पोचणार. रंग उडाला असेल, कोपरा दुमडला असेल तर सुधारायला आठवडाभर हातात राहतो. टाकण्याआधी प्रत्येक कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, कारण साध्या टपालाला मागोवा नसतो.

हलवा पाठवायचाच असेल तर कार्ड पाकिटात घाला. चार-पाच दाणे कागदाच्या पुडीत, पुडी चपटी, आणि ती शिक्क्याखाली येणार नाही अशी खालच्या कोपऱ्यात. पुडीच्या घडीवर चिकटपट्टी लावा, मुंग्यांना पत्ता वाचता येत नाही पण साखर बरोबर सापडते. परदेशी मात्र तीळ, हलवा, वाळलेलं पान यातलं काहीही नको. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे देश बिया अडवतात आणि पाकीटच जप्त होतं. सिडनीच्या भावाला नुसते पांढरे ठिपकेच पाठवा.

आजीसाठी आणखी एक करा. पूर्वी जोडकार्ड मिळायचं, अर्धं आपलं आणि अर्धं उत्तराचं. तसंच तिच्या पाकिटात आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक कोरं कार्ड घाला आणि सोबत एक बॉलपेनही. मी पेन घालायला विसरले तेव्हा उत्तर पेन्सिलीनं आलं होतं: "कार्ड पोचले. भेंडी भाजीत घालायची असते."